वजन सुधारलं, पण शेवटच्या गोळ्यांचा अ‍ॅसे चढला : पावडरचा प्रवाह आणि सेग्रिगेशन

कोरडं_मिश्रण

नमस्कार मंडळी,

मी टॅब्लेटच्या स्केल-अपचं, म्हणजे छोट्या बॅचवरून मोठ्या बॅचवर नेण्याचं काम करतो. एका गोळीने दोन महिने झोप उडवली आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गोळीचं वजन १२० मिलिग्रॅम. त्यात औषध फक्त ३ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच टक्के. डायरेक्ट कॉम्प्रेशन आहे, म्हणजे कोरडी पावडर मिसळून थेट दाबायची. औषध मायक्रोनाइझ केलेलं, साधारण १५ मायक्रॉनचं. बाकी मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज १०२ ग्रेड, स्प्रे-ड्राइड लॅक्टोज, डिसइंटिग्रंट (गोळी फुटायला मदत करणारा), कोलॉइडल सिलिका ०.२ टक्के आणि शेवटी वंगण म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट. ५ किलोच्या बॅचला काहीच त्रास नव्हता. १५० किलोला गेलो आणि दोन दुखणी एकदम सुरू झाली : वजन वर-खाली व्हायला लागलं, आणि रनच्या शेवटच्या गोळ्यांचा अ‍ॅसे (ठरलेल्या डोसच्या तुलनेत प्रत्यक्ष निघालेलं औषध) ९२ टक्क्यांपर्यंत उतरला.

कार इंडेक्स (पावडरच्या प्रवाहाचा आकडा, जितका कमी तितका प्रवाह चांगला) २४ होता. प्रवाह सुधारावा म्हणून सिलिका ०.२ वरून ०.५ टक्के केली. कार इंडेक्स १६ वर आला, वजन सुतासारखं सरळ झालं. सगळे खूश. मग रनभर ठरावीक अंतराने काढलेल्या नमुन्यांचे निकाल आले. सुरुवातीला ९७, मध्ये ९९ आणि अगदी शेवटी १०९! जिथे आधी औषध कमी पडत होतं, बरोबर तिथेच आता जास्त पडतंय.

ब्लेंडचे नमुने दोन्ही वेळा चांगले आले. दहा जागांचे मिळून आरएसडी, म्हणजे सरासरीच्या टक्क्यांत मोजलेला विखुरलेपणा, २ टक्क्यांच्या आत. मग मिक्सिंगची वेळ वाढवू का? की आणखी काही बघायला हवं? वजन सुधारलं आणि अ‍ॅसे उलट्या बाजूला गेला, असं कोणी अनुभवलंय का?

---

मेश_चाळीस

ब्लेंडिंग पाच-दहा मिनिटं वाढवून बघा. कमी डोसच्या गोळीत तेवढं लागतंच.

---

बल्क_डेन्सिटी

मेश_चाळीस, इथे मला तसं वाटत नाही. मिक्सिंग कमी पडलेलं असेल तर चुका विखुरलेल्या दिसतात : एक गोळी ९१, शेजारची १०८, पुन्हा ९६. यांच्याकडे तसं नाही, यांच्याकडे सरळ चढण आहे. सुरुवातीपासून मधल्या भागापर्यंत ठीक आणि शेवटी एकाच दिशेला घसरण किंवा चढ, हे लक्षण पावडर आधी नीट मिसळून नंतर वेगळी झाल्याचं, म्हणजे सेग्रिगेशनचं आहे. ब्लेंडरमध्ये आणखी फिरवून ते जाणार नाही. कण एकमेकांपासून सुटतात ते पुढच्या प्रवासात.

शिवाय स्टिअरेट घातल्यावर वेळ वाढवली तर वेगळाच त्रास मागे लागतो. त्याचा पातळ थर कणांवर पसरत जातो, गोळी मऊ पडते, विरघळायला वेळ लागतो. प्रेसच्या फीड फ्रेममधली (डायमध्ये, म्हणजे गोळीच्या साच्यात, पावडर भरणाऱ्या भागातली) पाती हेच काम थोडं थोडं करत असतातच.

कोरडं_मिश्रण, एक सांगा : ब्लेंडरमधून पावडर प्रेसपर्यंत कशी पोहोचते? त्या वाटेवर किती वेळा पडते आणि किती उंचीवरून?

---

क्यूसी_टेबल

मी क्यूसीतून, म्हणजे गुणवत्ता तपासणीतून. "ब्लेंडचे नमुने चांगले आले" या वाक्यावर थोडं थांबायला हवं.

ब्लेंडचा नमुना काढतात तो थीफ म्हणजे बाजूला खिडकी असलेली पोकळ दांडी. ती पावडरच्या थरात खुपसली की वरच्या थरातली पावडर सोबत खाली ओढत नेते. खिडकी उघडली की सहज वाहणारे कण आधी आत शिरतात, चिकट बारीक कण मागे राहतात. म्हणजे आपण जो थर मोजायला गेलो तो मोडूनच नमुना घेतो. चुकीचा थीफ चांगल्या ब्लेंडला वाईट ठरवतो, तसा वाईट ब्लेंडला चांगलाही ठरवू शकतो. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे तो नमुना ब्लेंडर थांबल्या क्षणाचा आहे. पावडर त्यानंतर हलली, ते त्याला कसं कळणार?

अमेरिकेच्या एफडीएने २००३ मध्ये ब्लेंड आणि गोळ्यांच्या स्तरवार नमुन्यांबद्दल मसुदा काढला होता. त्यात रनभरातल्या किमान २० जागांवरून गोळ्या उचलायला सांगितलं होतं. २०१३ मध्ये तो मागे घेतला गेला, पण रनभर ठिकठिकाणी गोळ्या काढून बघण्याची पद्धत टिकली. माझ्या मते ती टिकायलाच हवी होती.

आणखी एक धोका सांगते. कंटेंट युनिफॉर्मिटीच्या, म्हणजे गोळीगणिक औषध सारखं आहे का याच्या, चाचणीत पहिल्या १० गोळ्यांचं अ‍ॅक्सेप्टन्स व्हॅल्यू १५ च्या आत लागतं. समजा, शेवटच्या दहा गोळ्यांची सरासरी १०७ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन २.५ आहे. सरासरी १०१.५ च्या पुढे ५.५ ने गेली, त्यात २.४ गुणिले २.५ म्हणजे ६ मिळवा. झाले ११.५. पास! आणि सगळ्या रनमधल्या गोळ्या एकत्र करून त्यातल्या दहा उचलल्या तर चढण दिसणारच नाही. कागदावर पास झालेल्या बॅचमधली शेवटची पट्टी ज्याच्या हातात पडेल, त्याला ती सरासरी काय कामाची? म्हणून तुम्ही जागेनुसार आकडे काढलेत ते फार चांगलं केलंत.

---

रात्रपाळी

प्रेस चालवतो. पंधरा वर्षं झाली. मोठी सूत्रं मला येत नाहीत, जे बघितलंय ते लिहितो.

पावडर अडली की हॉपरला, म्हणजे प्रेसला पावडर पुरवणाऱ्या नरसाळ्याला, रबरी हातोडीने ठोकायची सवय सगळीकडे असते. मीही ठोकायचो. ठोकल्यावर दोन मिनिटं वजन बरं राहतं, मग आणखी बिघडतं. पावडर आणखी दाबून बसते आणि बारीक कण फटीफटीतून खाली उतरतात. आमच्याकडे आता हातोडी बंद आहे. वजन हलायला लागलं की वेळ लिहून ठेवायची आणि सुपरवायझरला सांगायचं.

दुसरं म्हणजे बिनच्या, पावडर ठेवायच्या मोठ्या डब्याच्या, आत बघा. प्रेस थांबवून, झाकण उघडून, टॉर्च लावून. पावडर सगळीकडून सारखी खाली बसतेय की मधे खड्डा पडून कडेला उभी राहतेय? याने अर्धं उत्तर मिळतं.

तिसरं. हॉपर पार रिकामा होईपर्यंत चालवू नका. फीड फ्रेमवर पावडर उरली नाही की डाय नीट भरत नाही आणि प्रेसच्या कंपनाने तो उरलेला थर चाळल्यासारखा होतो. शेवटचं थोडं सोडून द्यावं लागतं, ते हिशोबात आधीच धरा.

---

नवा_फॉर्म्युलेटर

खूप छान धागा. मी नुकताच या क्षेत्रात आलोय, म्हणून मूलभूत प्रश्न विचारतो. प्रवाह चांगला झाला म्हणजे डाय नीट भरणार, मिश्रणही नीट राहणार, असंच आम्हाला शिकवलं. मग सिलिकाने प्रवाह सुधारल्यावर अ‍ॅसे बिघडायचं कारण काय?

आणि हॉपरमधली पातळी उतरली की पाण्यासारखा प्रवाह मंदावत नाही का?

---

बल्क_डेन्सिटी

नवा_फॉर्म्युलेटर, दुसऱ्या प्रश्नाचं आधी, कारण ते सोपं आहे. नाही मंदावत. टाकीतल्या पाण्याचा तळाशी दाब उंचीबरोबर वाढत जातो. पावडरचं तसं नाही. तिचं वजन घर्षणाने भिंती उचलून धरतात, म्हणून ठरावीक खोलीनंतर तळाचा दाब जवळजवळ वाढायचाच थांबतो. यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये धान्याच्या कोठारांसाठी हे गणित मांडलं. मोकळ्या वाहणाऱ्या कणांचा प्रवाह मुख्यतः तोंडाच्या व्यासावर ठरतो, आणि तोही व्यासाच्या अडीचव्या घातात. तोंड दुप्पट केलं तर प्रवाह पाचपटीहून जास्त वाढतो. पातळीचा संबंध फार थोडा.

आता पहिला प्रश्न. हा धाग्याचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश लिहितो.

पावडर वाहते की नाही, हे दोन बळांच्या ओढाताणीवर ठरतं. कणाचं वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. कणांना एकमेकांना चिकटवणारी आकर्षणं साधारण व्यासाच्याच प्रमाणात वाढतात. म्हणून कण दहापट लहान झाला की त्याचं वजन हजारपट घटतं, चिकटपणा मात्र दहापटच घटतो. वजनाच्या तुलनेत चिकटपणा शंभरपट वरचढ होतो. म्हणूनच १५ मायक्रॉनचं औषध एकटं कधी नीट वाहत नाही आणि १०० मायक्रॉनचं सेल्युलोज बऱ्यापैकी वाहतं.

चिकट पावडरला हलवणं अवघड. पण तोच चिकटपणा कणांना एकमेकांपासून सुटूही देत नाही. बारीक औषध जाड सेल्युलोजच्या आणि लॅक्टोजच्या अंगावर चिकटून बसतं, त्यांच्याबरोबर जातं, त्यांच्याबरोबर डायमध्ये पडतं. कमी डोसच्या गोळ्यांचा सगळा आधार हा आहे.

आता सिलिका घाला. तिचे मूळ कण नॅनोमीटरमधले. ते मोठ्या कणांच्या पृष्ठभागावर बसतात आणि दोन कणांमध्ये अंतर ठेवतात. आकर्षण घटतं, पावडर वाहू लागते. पण ज्या जागांवर औषध चिकटणार होतं त्याच जागा सिलिका अडवते, बसलेल्या औषधाची पकडही सैल करते. औषध मोकळं होतं. मोकळा बारीक कण आणि मोकळा जाड कण एकत्र हलले की ते वेगळे होणारच.

म्हणजे ज्या गुणामुळे पावडर चांगली वाहते, त्याच गुणामुळे तिचे कण एकमेकांना सोडून जातात. कार इंडेक्स, हाउसनर रेशो, रिपोज कोन हे सगळे आकडे फक्त वाहण्याबद्दल बोलतात. मिश्रण टिकेल का, यावर ते गप्प असतात. कार १६ म्हणजे तक्त्यात 'बरा' प्रवाह, २४ म्हणजे 'चालेल असा'. त्या दोन शब्दांवरून आपण खूश होतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते असं माझं स्पष्ट मत आहे. प्रवाहाची चाचणी आणि सेग्रिगेशनची चाचणी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी बहुतेक ठिकाणी कोणी करतच नाही.

---

कोरडं_मिश्रण

सगळ्यांचे मनापासून आभार. बल्क_डेन्सिटी, तुमचा पहिला प्रश्न वाचून मीच चमकलो, कारण ही माहिती मी मूळ धाग्यात लिहिलीच नव्हती.

ब्लेंडर वरच्या मजल्यावर आहे. तिथून उभ्या पाइपने पावडर खालच्या मजल्यावरच्या बिनमध्ये येते. सुमारे तीन मीटर पडते. मग ती बिन प्रेसवर चढवतात. ५ किलोच्या वेळी ब्लेंडरमधून स्कूपने काढून थेट हॉपरमध्ये टाकलं होतं!

रात्रपाळी, तुमच्या सांगण्याप्रमाणे बिन उघडून बघणार आहे. सिलिका ०.२ टक्क्यांचा थोडा जुना ब्लेंड चाचणीसाठी राखून ठेवलेला आहे, तोही सोडून बघतो.

---

हॉपर_कोन

तीन मीटर! मग माझा अंदाज मांडतो. बिन बघून तुम्हीच तो खरा-खोटा ठरवा.

पाइपमधून पावडर पडते तेव्हा बिनमधली हवा बाहेर जायला वाट शोधते आणि पडणाऱ्या पावडरीतूनच वर चढते. बारीक कण त्या हवेबरोबर तरंगत राहतात, जाड कण सरळ खाली जातात. सगळी पावडर पडून गेल्यावर धूळ सावकाश खाली बसते, म्हणजे बिनच्या वरच्या थरावर. त्याच वेळी पाइपच्या तोंडाखाली पावडरचा ढीग वाढत असतो. त्या ढिगाच्या उतारावरून जाड कण गडगडत भिंतीकडे जातात आणि बारीक मधेच अडकतात. तेव्हा तुमची बिन भरली की त्यात दोन प्रकारची फूट पडलेली असते : मधे बारीक, कडेला जाड, आणि सगळ्यात वर धूळ.

आता ती रिकामी कशी होते ते बघा. फनेल फ्लोमध्ये तोंडावरचा मधला खांबच हलतो. कडेची पावडर उभी राहते, वरचा थर मधल्या खड्ड्यात घसरून लवकर निघून जातो, आणि शेवटी भिंतीलगतची जाड पावडर येते. जाड पावडरीत औषध कमी. शेवटचा अ‍ॅसे कमी. हे तुमचं ०.२ टक्क्यांचं चित्र.

मास फ्लोमध्ये सगळी पावडर एकदम हलते. जे आधी खाली होतं ते आधी बाहेर येतं. तोंडाशी मधलं आणि कडेचं पुन्हा एकत्र येतं, त्यामुळे आडवी फूट बरीचशी मिटते. पण उभी फूट तशीच राहते. वरची धूळ सगळ्यात शेवटी येते. शेवटचा अ‍ॅसे जास्त. हे तुमचं ०.५ टक्क्यांचं चित्र.

माझ्या अंदाजाने सिलिकाने दोन कामं केली. औषध मोकळं केलं, आणि पावडर भिंतीवरून घसरायला लागून बिनचा प्रवाह फनेलचा मास झाला. रोग तोच राहिला, फक्त तो रनच्या शेवटी उलट्या चिन्हाने बाहेर पडला.

जेनिके यांनी १९६४ मध्ये युटा विद्यापीठातून यावर सविस्तर काम प्रसिद्ध केलं. कोनाचा उतार आणि भिंतीचं घर्षण यावरून मास फ्लो होईल की फनेल, हे शिअर सेलच्या (पावडरचं घर्षण मोजणाऱ्या उपकरणाच्या) मापनांवरून आधीच काढता येतं. त्याच मोजणीतून तोंड किती मोठं हवं तेही कळतं. उदाहरण देतो. तोंडावर अडून बसलेली पावडरची कमान मोडायला लागणारं बळ ०.५ किलोपास्कल, बल्क घनता ५०० किलो प्रति घनमीटर आणि कोन उभ्या रेषेपासून २० अंश असेल, तर गोल तोंड साधारण २४ सेंटिमीटर लागतं. तेच बळ ०.१ किलोपास्कल असेल तर ५ सेंटिमीटरही पुरतं. प्रेसच्या हॉपरचं तोंड लहानच असतं, म्हणून चिकट पावडर तिथे कमान धरते आणि वजन हलतं.

---

मेश_चाळीस

हॉपर_कोन, माझा मुद्दा मी मागे घेतो. मिक्सिंग वाढवणं हे इथलं उत्तर नव्हतं. मी आजवर बिन कशी रिकामी होते याचा विचारच केला नव्हता.

तरी एक शंका. औषध थोडं जाड घेतलं, म्हणजे फिलरच्या (सेल्युलोज-लॅक्टोजच्या) जवळच्या मापाचं, तर सेग्रिगेशनच थांबेल ना?

---

बल्क_डेन्सिटी

बरोबर दिशा आहे, पण कमी डोसमध्ये त्याला मर्यादा आहे. हिशोब करू.

१५ मायक्रॉनचा गोल कण, खरी घनता १.३ धरली, तर वजन सुमारे २.३ नॅनोग्रॅम. ३ मिलिग्रॅममध्ये असे जवळपास तेरा लाख कण. कितीही यदृच्छया मिसळले तरी गोळीगणिक फरक ०.१ टक्क्याच्या आसपास. उत्तम.

१०० मायक्रॉनचा कण ०.६८ मायक्रोग्रॅमचा. ३ मिलिग्रॅममध्ये सुमारे ४,४००. आदर्श मिश्रणातही आरएसडी दीड टक्का. चालून जाईल, पण बाकीच्या चुकांसाठी जागा कमी उरते. डोस अर्धा मिलिग्रॅम असता तर ७३५ कण, आणि आरएसडी ३.७ टक्के. जगातला सर्वात चांगला ब्लेंडरही त्याखाली जाऊ शकला नसता. शिवाय खऱ्या पावडरीत थोडे फार मोठे कण असतात, ते हा आकडा आणखी बिघडवतात. विरघळण्याचा वेग बदलेल तो वेगळाच.

त्यामुळे औषध बारीकच ठेवून ते कशाला तरी घट्ट चिकटवणं हा मार्ग मला जास्त पटतो. ओलं ग्रॅन्युलेशन (पावडर ओलवून तिचे दाणे बनवणं), रोलर कॉम्पॅक्शन (रोलरांत दाबून फीत काढून ती दळणं), किंवा निदान क्रम बदलून केलेलं मिश्रण.

---

क्यूसी_टेबल

एक चाचणी सुचवते. महाग नाही, दोन दिवसांचं काम. ब्लेंड चाळण्यांच्या उतरंडीवर चाळा आणि प्रत्येक चाळणीवरच्या पावडरीचा वेगळा अ‍ॅसे करा. सगळ्या अंशांत औषध सारखं असेल तर कण वेगळे झाले तरी वजन हलेल, अ‍ॅसे फारसा हलणार नाही. बारीक अंशात औषध दाटलेलं असेल तर वेगळं होणं थेट रुग्णाच्या डोसमध्ये उतरेल.

हे ग्रॅन्युल्सनाही लागू आहे. ओलं ग्रॅन्युलेशन केलं म्हणजे सुटलो, असं नाही. कित्येकदा फाइन्समध्ये (बारीक चुऱ्यात) औषध जास्त निघतं, कधी उलट जाड दाण्यांमध्ये. एकदा तरी चाळून बघितल्याशिवाय खात्री धरू नये.

---

कोरडं_मिश्रण

दहा दिवसांनी परत आलो, आकडे घेऊन.

आधी बिन. सिलिका ०.५ टक्के असलेल्या बॅचला अर्धा रन झाल्यावर प्रेस थांबवून बघितलं. पृष्ठभाग जवळजवळ सपाट खाली उतरला होता, आणि त्यावर बोटाने रेघ ओढता येईल असा पांढरा मऊ थर. तो थर पुसून घेऊन अ‍ॅसे केला, १४१ टक्के! मग ०.२ टक्क्यांचा राखलेला ब्लेंड पाइपने सोडून तसंच बघितलं. मधे खोल खड्डा, कडेला उभी भिंत. हॉपर_कोन, तुमचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. खरंच हात जोडतो.

चाळणीचे निकाल (२०० मेश, म्हणजे ७५ मायक्रॉन) :

०.२ टक्के सिलिका : खालचा बारीक अंश वजनाच्या २० टक्के, त्याचा अ‍ॅसे १३०. वरच्या जाड अंशाचा ९२.५.

०.५ टक्के सिलिका : बारीक अंश २२ टक्के, त्याचा अ‍ॅसे १८५. जाड अंशाचा ७६.

म्हणजे औषध मोकळं झालं हेही खरं. आम्ही वजन सुधारायला जी सिलिका घातली, तिनेच औषध सेल्युलोजच्या अंगावरून उतरवलं होतं. आणि ०.२ ला बारीक अंश १३० होता, याचा अर्थ आधीही सगळं आलबेल नव्हतं.

आता पुढे काय करावं? कृपया क्रमाने सांगा, एकावेळी एकच गोष्ट बदलायचा आमचा नियम आहे.

---

हॉपर_कोन

आधी पडणं बंद करा. फॉर्म्युल्याला हात लावण्याआधी. ज्या बिनमध्ये मिसळायचं तीच बिन प्रेसवर चढवता येत असेल तर उत्तम, मग मधे ओतणंच उरत नाही. ते जमत नसेल तर पाइप नेहमी भरलेला राहील असा खालचा व्हॉल्व्ह ठेवा आणि हवेला बाहेर जायला स्वतंत्र वाट द्या, म्हणजे ती पावडरीतून वर चढणार नाही.

---

बल्क_डेन्सिटी

त्याच्या पाठोपाठ मिसळण्याचा क्रम. आत्ता सिलिका आणि औषध एकत्रच पडत असणार. औषध आधी सेल्युलोजच्या थोड्या भागाबरोबर चाळून घ्या, दोन्ही एकत्र चाळणीतून जाऊ द्या म्हणजे औषधाचे गोळे फुटतील. मग टप्प्याटप्प्याने उरलेलं सेल्युलोज. औषध बसल्यावर नंतर लॅक्टोज आणि सिलिका. सिलिकाही लॅक्टोजबरोबर चाळूनच घाला, नाहीतर ती स्वतःच गोळे धरते. प्रमाण पुन्हा ०.२.

वजनाचा प्रश्न त्यामुळे परत येईल, हे गृहीत धरा. त्यावर उपाय सिलिका वाढवून करू नका. फीड फ्रेमच्या पात्यांचा वेग आणि टरेटचा (डाय बसवलेल्या फिरत्या चकतीचा) वेग एकत्र बघा. फिलरही जाड घेता येतो, सेल्युलोजच्या २०० ग्रेडचे कण साधारण १८० मायक्रॉनचे असतात. पण जाड कणांची एकूण पृष्ठभाग-जागा कमी, म्हणजे औषधाला चिकटायला जागा कमी. तेव्हा तिकडे शेवटी वळा.

---

रात्रपाळी

टरेटचा वेग थोडा कमी करून बघा. उत्पादन मोजणाऱ्यांना आवडत नाही, पण डायला भरायला वेळ मिळाला की अर्धे आजार जातात. १२० मिलिग्रॅमच्या गोळीला वजनात वर-खाली साडेसात टक्के मिळतात, १११ ते १२९. तेवढ्यात बसवायला पावडरला वेळ द्या.

---

नवा_फॉर्म्युलेटर

मग रोलर कॉम्पॅक्शन थेट का नको? सगळंच बांधलं जाईल.

---

बल्क_डेन्सिटी

जमेल, आणि वरचं काही लागू पडलं नाही तर तेच करावं लागेल. पण फीत काढून दळल्यावर फाइन्स उरतातच, त्यात औषध किती हे पुन्हा चाळून बघावं लागेल. शिवाय सेल्युलोज एकदा दाबलं गेलं की दुसऱ्यांदा दाबताना त्याची बांधण्याची ताकद कमी होते, गोळी मऊ पडू शकते. एक यंत्र, एक पायरी, एक व्हॅलिडेशन वाढणार. आधी फुकटातला उपाय बघू.

---

कोरडं_मिश्रण

सात आठवड्यांनी. धागा वर आणतोय, कारण उत्तर अर्धवट ठेवणं बरं नाही.

पहिला बदल : त्याच बिनमध्ये ब्लेंडिंग, तीच बिन प्रेसवर. फॉर्म्युला तोच, सिलिका ०.५. शेवटचा अ‍ॅसे १०९ वरून १०३.५ वर आला. एकट्या या बदलाने एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसरा बदल : सिलिका ०.२ आणि तुम्ही सांगितलेला क्रम. चाळणीच्या चाचणीत बारीक अंशाचा अ‍ॅसे ११२, जाड अंशाचा ९७. रनभर २० जागांच्या सरासऱ्या ९८.१ ते १०१.२ मध्ये. चढण नाही, उतार नाही. कार इंडेक्स मात्र पुन्हा २३.

वजन अपेक्षेप्रमाणे हललं. टरेटचा वेग कमी केला, फीड फ्रेमचा वेग तीन पायऱ्यांवर तपासला. मधल्या वेगाला वजन सर्वात स्थिर होतं. जास्त वेगाला वजन आणखी थोडं बरं येत होतं, पण गोळीची हार्डनेस उतरू लागली. स्टिअरेट पसरत असणार. म्हणून मधला वेग घेतला. बिनमध्ये खालच्या कोनाच्या वर ठरावीक पातळी आली की थांबायचं, तो उरलेला भाग नाकारायचा, असं बॅच रेकॉर्डमध्ये लिहिलं. नुकसान थोडं आहे, मान्य आहे.

बिन ०.२ ला पुन्हा फनेल फ्लोनेच रिकामी होते, हे उघडून बघितलं. पण आता आत वेगळं होण्यासारखं फार उरलं नसल्याने शेवट बिघडत नाही. तरी हे मला खटकतं. शिअर सेलवर भिंतीचं घर्षण मोजायला नमुना दिलाय. नव्या बिनचा कोन त्यावरून ठरवू.

---

क्यूसी_टेबल

अभिनंदन! एक विनंती. व्हॅलिडेशनच्या तिन्ही बॅचेसमध्ये शेवटच्या भागातून जास्त नमुने काढा. २० जागा सारख्या अंतरावर न घेता, त्यातल्या पाच-सहा शेवटच्या दहा टक्के रनमध्ये ठेवा. आणि बिन प्रेसवर चढवायला उशीर झाला, रात्रभर तशीच उभी राहिली किंवा ट्रॉलीवरून खडबडीत जमिनीवरून फिरली, तर काय होतं तेही एकदा मुद्दाम करून बघा.

---

कोरडं_मिश्रण

ट्रॉलीचं डोक्यातच आलं नव्हतं. ब्लेंडिंगच्या खोलीपासून प्रेसपर्यंत मधे दोन उंबरे आहेत. पुढच्या बॅचला बिन फिरवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा वरच्या थराचा नमुना घेतो आणि इथे आकडे टाकतो.